सात भांडी, सहा गावे आणि एकच माती : ग्रीक मृत्पात्रांच्या प्रतिकृतींचा एक संच

प्राचीन ग्रीसमधील निरनिराळ्या प्रदेशांच्या शैली दाखवणाऱ्या सात मातीच्या भांड्यांचा प्रतिकृती-संच सध्या ऑनलाइन मिळतो. तो मी गेल्या उन्हाळ्यात सांगलीला मागवला आणि जवळजवळ वर्षभर वापरला, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे. 'वापरला' या शब्दाचे कुणाला नवल वाटेल, पण ही भांडी मी दिवाणखान्याच्या कपाटासाठी घेतलेली नव्हती. शाळेत इतिहास शिकवण्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावरही महिन्यातून दोन शनिवारी मी आठवी-नववीच्या मुलांना शाळेच्या इतिहास कक्षात वस्तू हाताळायला देऊन शिकवते. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या ग्रीक सागरदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती पाहून आल्यापासून या मुलांनी ग्रीकांविषयी इतके प्रश्न विचारले, की नुसत्या चित्रांवर भागवणे मला अशक्य झाले. हाच संच दोन-तीन विक्रेते वेगवेगळ्या नावांनी विकतात, त्यामुळे विक्रेत्याचे नाव देण्यापेक्षा संचाची ओळख सांगणे अधिक उपयोगाचे आहे. काळ्या पुठ्ठ्याची पेटी, आत गवताच्या भुशात ठेवलेली सात भांडी, प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटवलेली गावाच्या नावाची चिठ्ठी आणि सोबत बत्तीस पानांची इंग्रजी पुस्तिका, असे त्याचे स्वरूप आहे. मला तो घरपोच 8,400 रुपयांना पडला.

पेटी उघडली तेव्हा सर्वांत लहान भांडे फुटलेले निघाले. ते कॉरिंथचे होते. लिंबाएवढ्या पोटाची, अरुंद तोंडाची आणि एका कानाची ही सुगंधी तेलाची कुपी ग्रीक लोक 'आरिबालॉस' या नावाने ओळखत आणि व्यायामशाळेत जाणारे पुरुष ती मनगटाला अडकवून नेत. कुपीच्या पोटावर सिंह, बोकड आणि मधल्या रिकाम्या जागांत फुलांचे ठिपके ही खास कॉरिंथची नक्षी बऱ्यापैकी सफाईने काढलेली होती आणि भांड्याचा रंग फिकट पिवळसर, ओल्या बेसनासारखा होता. तो तसाच असायला हवा, कारण कॉरिंथच्या मातीत चुन्याचा अंश पुष्कळ असल्यामुळे ती भाजल्यावर तांबडी न होता फिक्कट होते. परंतु फुटलेला तुकडा उचलून कडेकडून पाहिला, तेव्हा आतली माती आपल्या कौलांसारखी तांबडीलाल निघाली. फिकट पिवळेपणा वरून दिलेल्या रंगाचा होता आणि त्याची जाडी नखाने सहज खरवडून निघेल इतकीच होती.

ही तक्रार क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे, म्हणून ती जरा समजावून सांगते. ग्रीक भांड्यांच्या बाबतीत 'प्रादेशिक शैली' हा शब्द आपण चित्रांपुरता वापरतो, परंतु अभ्यासक भांडे हातात घेतल्यावर आधी त्याची माती पाहतो, मग घडण पाहतो आणि चित्राकडे त्यानंतर वळतो. कॉरिंथ आणि अथेन्स यांच्यात सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही, तरी एकीकडची भांडी फिकट आणि दुसरीकडची नारिंगी-तांबडी होतात, कारण अथेन्सभोवतालच्या अ‍ॅटिका प्रदेशातल्या मातीत लोहाचा अंश भरपूर आहे. आकृती काळ्या छायेसारखी रंगवून तिच्यातील बारकावे टोकदार हत्याराने कोरून काढण्याची रीत कॉरिंथमध्ये इ.स.पू. 700 च्या सुमारास निघाली, पण पुढे अथेन्सने ती उचलली तेव्हा तीच रीत तांबड्या पार्श्वभूमीवर कितीतरी अधिक उठून दिसू लागली. एवढी उठून, की इ.स.पू. सहाव्या शतकात बाजार हातचा जाऊ लागल्यावर कॉरिंथच्याच काही कुंभारांनी आपल्या फिकट भांड्यांवर नारिंगी-तांबड्या मातीचा लेप देऊन ती अथेन्सच्या भांड्यांसारखी दिसतील अशी सोय केली. म्हणजे मातीचा रंग लपवण्याची कला या विक्रेत्याने शोधलेली नाही. कॉरिंथकरांनी फिकट माती तांबडी करून दाखवली आणि याने तांबडी माती फिकट करून दाखवली, इतकाच फरक आहे.

बाकीच्या सहा भांड्यांविषयीही मग मला शंका आली. ती फोडून पाहण्याची तयारी नव्हती, म्हणून सगळी पेटी रिक्षात घालून मी आमच्या नेहमीच्या कुंभारांकडे गेले. संक्रांतीची सुगडे आणि उन्हाळ्याचा माठ मी वर्षानुवर्षे त्यांच्याकडूनच घेते. त्यांनी चित्रांकडे पाहिलेसुद्धा नाही. प्रत्येक भांडे उलटे करून बुडाच्या कडेला जिथे रंग पोहोचला नव्हता तिथे अंगठा फिरवला, बोटाच्या पेराने वाजवून पाहिले आणि म्हणाले, "बाई, गावं सहा म्हणताय, पर माती समद्यांची एकच हाय. आवा बी एकच." मी त्यांना अथेन्सच्या भांड्यांची भाजणी सांगितली. आधी आव्यात हवा खेळती ठेवायची, मग तोंडे बुजवून आणि ओले जळण घालून धूर कोंडायचा आणि शेवटी पुन्हा हवा द्यायची, असा तो तीन टप्प्यांचा क्रम आहे. धूर कोंडल्यावर मडके काळे पडते हे त्यांच्या रोजच्या माहितीतले होते, परंतु त्यांनी लगेच विचारले, "परत हवा दिली तर काळं ऱ्हाईल कसं? तेबी तांबडंच व्हायला पायजे की."

नेमका हाच प्रश्न अभ्यासकांनाही फार काळ पडलेला होता. उत्तर असे आहे की भांड्यावरचा काळा भाग हा रंगही नाही आणि काचेचा लुकणही नाही. त्याच मातीचा अतिशय बारीक गाळ निवळून घेऊन त्याचा लेप आकृतींवर देत. धुराच्या टप्प्यात, 900 अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेला, भांडे आणि लेप दोन्ही काळे पडत, पण बारीक कणांचा लेप तेवढ्यात वितळून काचेसारखा घट्ट मिटून जाई. पुढे हवा आत आली तरी ती या मिटलेल्या लेपात शिरू शकत नसे, सच्छिद्र अंगात मात्र शिरे, आणि म्हणून अंग पुन्हा तांबडे होई व लेप काळाच राही. एकाच आव्यात, एकाच भाजणीत, एकाच मातीतून दोन रंग काढण्याची ही करामत समजल्यावर आमचे कुंभार थोडा वेळ गप्प राहिले आणि मग, गाळ किती दिवस निवळत ठेवायचा, असे विचारू लागले. अथेन्सचे कुंभार तांबडेपणा वाढवण्यासाठी अंगाला गेरूचा पातळ हात देत हे सांगितल्यावर मात्र त्यांना विशेष काही वाटले नाही, कारण काव ते स्वतःही लावतात.

संचातील अथेन्सची दोन भांडी या दृष्टीने निराशाजनक आहेत. पहिले काळ्या आकृतींचे असून ते एक्झेकियास या कुंभार-चित्रकाराच्या व्हॅटिकनमधील प्रसिद्ध अँफोऱ्यावरून, म्हणजे दोन कानांच्या उंच घड्यावरून, केलेले आहे. मूळ भांडे इ.स.पू. 540 ते 530 च्या दरम्यानचे आहे. अकिलीस आणि एजॅक्स हे दोन वीर युद्धाच्या विसाव्यात पटावर वाकून खेळत आहेत आणि त्यांच्या तोंडाशी 'चार' आणि 'तीन' असे त्यांना पडलेले दान ग्रीक अक्षरांत लिहिलेले आहे. मुलांना हे भांडे अतिशय आवडते, कारण भाले हातातून न सोडता सोंगट्या खेळणारे सैनिक त्यांना आपलेसे वाटतात. मात्र मुळात दोघांच्या अंगावरच्या झग्यांची केसासारखी बारीक नक्षी लेप कोरून काढलेली आहे आणि प्रतिकृतीत ती तपकिरी रंगाच्या रेघांनी वरून काढलेली आहे. बोट फिरवले तर कोरीव रेघ लागायला हवी, इथे रंगाचा उंचवटा लागतो. काळा रंगही चकचकीत तैलरंगासारखा आहे. मूळ लेपाला येणारी मंद, किंचित धातूसारखी झाक त्याला नाही. दुसरे भांडे तांबड्या आकृतींच्या पद्धतीचे आहे. इ.स.पू. 525 च्या सुमारास अथेन्समध्ये ही उलटी रीत निघाली, म्हणजे पार्श्वभूमी काळी करून आकृती मातीच्या रंगाच्या ठेवायच्या आणि बारकावे कोरण्याऐवजी कुंचल्याने काढायचे. त्यामुळे चित्रकाराला खांद्याची वळणे, पाठमोरे शरीर, वाकलेला पाय हे सारे दाखवता येऊ लागले आणि यूथिमिदीस नावाच्या चित्रकाराने तर आपल्या अँफोऱ्यावर 'यूफ्रोनिऑसला असे कधीच जमले नाही' अशा अर्थाची ओळ लिहून प्रतिस्पर्ध्याला टोमणा मारला. संचात मात्र नेमके उभ्या, ताठ, एकट्या स्त्रीचे चित्र निवडलेले आहे. नवी रीत कशासाठी आली, हे त्यावरून कोणाला कळणार?

आता ज्या भांड्यासाठी मी हा संच पुन्हाही घेईन त्याविषयी लिहिते. ते लॅकोनियाचे, म्हणजे स्पार्टाच्या परिसरातले, उंच पायाचे आणि दोन कानांचे उथळ पेयपात्र आहे. स्पार्टा म्हटले की आपल्याला काटक सैनिक आणि कोरडे अन्न एवढेच आठवते, पण इ.स.पू. सहाव्या शतकात तिथे फार सुंदर पेयपात्रे होत असत आणि ती दूरवर जात. मूळ पात्र इटलीतल्या व्हुल्ची येथे सापडले, ते इ.स.पू. 560 च्या सुमाराचे आहे आणि आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पात्राच्या आतल्या गोलात उत्तर आफ्रिकेतील किरेने या ग्रीक वसाहतीचा राजा आर्केसिलास छताखाली बसला आहे, त्याच्या आसनाखाली चित्त्यासारखे जनावर आहे, वर आडव्या दांडीला भली मोठी तागडी टांगलेली आहे आणि माणसे माल तोलून पोती भरत आहेत. आजूबाजूला पक्षी आहेत, एक माकड आहे, राजाच्या मागे भिंतीवर चढावी तशी एक पाल आहे आणि माणसांच्या शेजारी ग्रीक अक्षरे लिहिलेली आहेत. तोलला जाणारा माल लोकर आहे की सिल्फियम, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. सिल्फियम ही किरेनेची औषधी आणि मसाल्याची वनस्पती होती. तिच्यावर ते नगर इतके श्रीमंत झाले की तिचे चित्र त्यांनी नाण्यांवर घातले, आणि पुढे ती नामशेष झाली.

या चित्राच्या खालच्या पट्टीत माणसे भरलेली पोती जमिनीखालच्या कोठारात नेऊन रचत आहेत. हा भाग मी मुलांना दाखवला तेव्हा मला काहीच समजावून सांगावे लागले नाही. मागच्या बाकावरची हरिपूरची एक मुलगी म्हणाली, "बाई, हे तर पेव आहे." हरिपूरला नदीकाठच्या जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठवण्याची पद्धत किती जुनी आहे आणि 2005 च्या महापुराने त्या पेवांचे किती नुकसान केले, हे तिच्या घरात रोज बोलले जात असणार. राजा, तागडी, हमाल, तोलणाऱ्याचा उंचावलेला हात आणि खाली पेवात उतरणारी पोती, असे सगळे मार्केट यार्डातले दृश्य साडेपंचवीसशे वर्षांपूर्वी कुणीतरी पेल्याच्या तळाशी काढले आणि पेला रिकामा होईल तसतसे ते पिणाऱ्याला दिसत गेले. या प्रतिकृतीचे रंगकामही संचातील सर्वांत प्रामाणिक आहे. लॅकोनियाच्या कुंभारांनी चित्राखाली दुधी रंगाचा लेप देण्याची पद्धत ठेवलेली होती, त्यामुळे इथे वरून रंग दिला आहे ही गोष्ट खोटी ठरत नाही. पालीची एक तंगडी गाळली आहे, ती मात्र मुलांनीच मला दाखवली.

'ऱ्होड्स' अशी चिठ्ठी लावलेल्या सुरईवर दुधी लेपावर रानबोकडांच्या रांगा चरत आहेत. चित्र सुरेख आहे. बोकडांची शिंगे पाठीवर अर्धवर्तुळात वळवलेली आहेत आणि डोकी नुसत्या रेघांनी काढलेली आहेत, जसे इ.स.पू. सातव्या शतकातील पूर्व ग्रीसच्या भांड्यांवर असते. चिठ्ठी मात्र जुन्या माहितीवर लिहिलेली आहे. अशी भांडी ऱ्होड्स बेटावरच्या थडग्यांत भरपूर सापडली म्हणून पूर्वी त्यांना त्या बेटाचे नाव मिळाले. मातीचे रासायनिक पृथक्करण झाल्यावर त्यांतील पुष्कळशी आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील मिलेटस येथे बनल्याचे दिसून आले. सांगलीच्या बाजारात आलेली सगळी हळद सांगलीच्याच शेतात पिकलेली नसते, तरी बाहेर ती सांगलीची म्हणूनच खपते, हे उदाहरण देऊन मी वर्गात ही चिठ्ठी निभावून नेते. पुस्तिकेने हा मुद्दा एका ओळीत तरी सांगायला हवा होता, कारण माती पाहिल्याशिवाय गाव ठरवू नये याचे याहून चांगले उदाहरण संचात दुसरे नाही.

इटलीतील काइरे या प्राचीन नगराची तीन कानांची घागर ही विनोदी जातीची आहे. इटलीत येऊन स्थायिक झालेल्या, बहुधा आयोनियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरून, आलेल्या ग्रीक कलावंतांनी इ.स.पू. 530 ते 510 च्या सुमारास अशा घागरी केल्या आणि त्यांपैकी सुमारे 40 आज शिल्लक आहेत. लूव्र संग्रहालयातल्या मूळ घागरीवर ग्रीक कथांतला वीर हेराक्लीस पाताळातला तीन डोक्यांचा कुत्रा साखळीने धरून आणतो आहे आणि त्याला ते काम सांगणारा राजा यूरिस्थियस घाबरून रांजणात शिरला आहे. रांजणाबाहेर त्याचे डोके आणि वर केलेले दोन हात एवढेच दिसतात. कुत्र्याची तीन डोकी तीन रंगांची आहेत आणि प्रतिकृतीत ती तशीच जमली आहेत. या भांड्याला माझी काही तक्रार नाही.

सातवे भांडे दक्षिण इटलीतील अपुलियाचे क्राटर, म्हणजे मद्यात पाणी मिसळण्याचे मोठे पात्र आहे आणि ते पेटीत नसते तरी चालले असते. इ.स.पू. चौथ्या शतकातील अपुलियाची ही पात्रे माणसाच्या कमरेच्याही वर येतील एवढी उंच असत, त्यांवर मजल्यांवर मजले चढवल्यासारखी देवादिकांची गर्दी असे आणि कानांना वेटोळी असत. तो सगळा थाट 31 सेंटिमीटरमध्ये कोंबला आहे, त्यामुळे कोण देव आणि कोण माणूस हे भिंगाशिवाय कळत नाही. त्याऐवजी बिओशियातील थीब्जजवळच्या काबिरॉस-मंदिरात सापडलेले काळ्या आकृतींच्या व्यंगचित्रांचे पेले घेतले असते, तर खर्च कमी आणि मुलांची करमणूक अधिक झाली असती. भूमितीय नक्षीच्या काळातील एकही भांडे नसणे ही तर मोठीच उणीव आहे. इ.स.पू. आठव्या शतकात अथेन्सच्या दिपिलॉन दफनभूमीत थडग्यावर खूण म्हणून उभा केलेला दीड मीटरहून उंच अँफोरा आणि त्यावरील नागमोडी, चौकटी, त्रिकोण यांच्या ओळी दाखवल्याशिवाय पुढचे सिंह आणि बोकड कोठून आले हे सांगता येत नाही.

पुस्तिका गुळगुळीत कागदावर छापलेली असून तिचा मजकूर शोभेच्या वस्तूंच्या जाहिरातीसारखा आहे. 'ग्रीक सौंदर्यदृष्टी' हे शब्द तिच्यात अनेकदा येतात, माती हा शब्द मात्र दोनदाच येतो. आपल्याच मातीच्या भांड्यांचा अभिमान ही गोष्ट त्या काळी किती टोकाला गेली होती, हे ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितले आहे. आर्गॉस आणि एजिना येथील लोकांनी अथेन्सशी वैर आल्यावर एका देवस्थानात अथेन्सचे मातीचे भांडे आणायचे नाही, तिथे गावच्याच भांड्यांतून प्यायचे, असा नियम करून टाकला. अशी एखादी गोष्ट पुस्तिकेत असती तर सहा गावांची सात भांडी वेगळी का ठेवली आहेत, हे घेणाऱ्याला समजले असते. शाळांसाठी विकायचे असेल तर मराठीत आठ पानांची साधी माहितीपत्रिका दिली तरी पुरे.

टिकाऊपणाबद्दल मात्र समाधान आहे. वर्षभर चाळीसेक मुलांच्या हातांतून फिरूनही लॅकोनियाच्या पेल्याचा एक कान सैल होण्यापलीकडे काही बिघडलेले नाही. भांड्यांत पाणी भरू नये, कारण आतून लेप नाही आणि अर्ध्या तासात बाहेरचा रंग फुगू लागतो. हे मी अँफोऱ्यावर अनुभवले आहे. घरात शोभेसाठी कुणाला संच हवा असेल तर 8,400 रुपये जास्त आहेत, तेवढ्यात आपल्याकडे हाताने घडवलेली अस्सल भांडी कितीतरी येतील. शाळेला किंवा ग्रंथालयाला घ्यायचा असेल तर घ्यावा, मात्र विक्रेत्याला आधी विचारून लॅकोनिया, काइरे आणि मिलेटसची अशी तीन भांडी सुटी मिळतात का ते पाहावे. एका विक्रेत्याने दूरध्वनीवर ती सुटी देण्याची तयारी दाखवली होती.

फुटलेल्या कुपीबद्दल मी त्याच आठवड्यात छायाचित्रांसह तक्रार केली. तीन पत्रांनंतर, बाविसाव्या दिवशी, उत्तर आले की बदली कुपी पाठवू, पण फुटलेली आधी परत करावी लागेल. तोपर्यंत मी ती दोन शनिवारी वर्गात वापरली होती. मुले बाहेरचा पिवळा आणि आतला तांबडा रंग एकमेकांना दाखवून कॉरिंथची माती कशी नसते हे सांगू लागली होती. मी बदली नको म्हणून कळवले आणि कुपीचे तिन्ही तुकडे, तुटलेल्या कडा समोर येतील असे, लॅकोनियाच्या पेल्याशेजारी मांडले.